ठोकळ्यांचा गेम आणि ताटाची डावी बाजू

ही वही मी हौसेने घेतलेली नाही. ह्यांचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची, तिने सांगितलं होतं, "आंटी, रोज लिख के रखो, सर का बाईं तरफ क्या-क्या छूट गया." म्हणून लिहायला लागले. पहिल्या पानांवर तेवढंच आहे. आज चटणी राहिली. आज दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. आज पायजम्यात डावा पाय घातलाच नाही, तसेच उभे राहिले. मग त्या ओळींखाली मी माझ्या मनाच्या दोन ओळी लिहू लागले, पुढे चार. आता ती मुलगी येत नाही. वहीची बरीच पानं कोरी आहेत आणि मला जे बोलून दाखवता येत नाही ते लिहिता येतं असं ध्यानात आलं आहे, म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते.

मी चौथी शिकले. माहेर देवासकडच्या एका गावात. तिथे मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, तिथे मुलींना पाठवत नसत. लग्न होऊन उज्जैनला आले. हे सरकारी शाळेत गणिताचे मास्तर. फ्रीगंजच्या बाजारात ह्यांच्याबरोबर निघालं की भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत कोणीतरी "मास्साब, प्रणाम" म्हणतंच. मी पिशवी धरून दोन पावलं मागे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. घरातही फारशी गरज पडली नाही, बाहेरचं सगळं हे बघत. मी काही विचारलं तर म्हणायचे, "तुला नाही कळायचं." त्यात राग नसे. 'पंखा लाव' म्हणावं तसं म्हणायचे. मलाही ते खरंच वाटे, त्यामुळे वाईट वाटत नसे.

दोन हिवाळ्यांपूर्वी सकाळी दाढी करता करता हे खाली बसले. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंदूरहून मुलगी धावत आली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हात थोडा ढिला होता, पण हे चालत होते, बोलत होते, सतराचा पाढा म्हणून दाखवत होते. मी देवापुढे साखर ठेवली. वाटलं, थोडक्यात निभावलं.

जे निभावलं नव्हतं ते मला ताटात दिसलं.

घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आजकाल चटणी करत नाहीस वाटतं."

मी पाहिलं तर चटणी ताटात होती. डाव्या बाजूला, रोजच्या जागी. तिच्याखाली कोशिंबीर, वर लिंबाची फोड. उजव्या बाजूची भाजी आणि आमटी संपली होती. भातसुद्धा उजवीकडून अर्धा खाल्लेला, जणू मधून दोरी धरून कापला होता. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी म्हणाले, "अहो, ही काय." ह्यांनी भाजीच्या वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठे?"

मग मी काय केलं ते लिहिते, कारण चूक माझी होती. ह्यांना ओशाळवाणं वाटू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबू सगळं उचलून उजवीकडे वाढायला लागले. सासूबाई असत्या तर त्यांनी माझा हात धरला असता. आमच्या घरी चटणी उजवीकडे वाढलेली कोणी पाहिली नसेल. अर्ध्या ताटात दाटी आणि अर्धं ताट मोकळं. हे मात्र पोटभर जेवले आणि म्हणाले, "आता कसं सगळं आहे!" त्या दिवशी मला फार शहाणपण केल्यासारखं वाटलं. महिनाभर तसंच वाढलं. मी बसायचेही ह्यांच्या उजवीकडेच, कारण डावीकडून बोललं तर हे भलतीकडेच पाहत.

मग व्यायामाची मुलगी यायला लागली. एक दिवस ती जेवणाच्या वेळी आली आणि ताट बघून दारातच थांबली.

"आंटी, ये थाली ऐसी क्यों?"

मी सांगितलं. ती हसली नाही. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, की सरांच्या डोळ्यांना दिसतं, पण त्यांचं डोकं डाव्या बाजूकडे लक्षच देत नाही. त्यांच्यापुरती ती बाजू जगात नाहीच. आणि आपण सगळं उजवीकडे आणून दिलं तर डोकं म्हणणार, बरं झालं, तिकडे बघायची गरजच नाही. "आप प्यार से कर रही हैं, पर उल्टा हो रहा है. अच्छी चीज़ बाईं तरफ रखो. आप भी बाईं तरफ बैठो."

त्याच दिवशी तिने ह्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ज्यांनी हजारो मुलांना फळ्यावर हाताने गोल काढून दाखवले, कंपासची गरज नसे, त्यांनी एक वाकडा गोल काढला आणि बारापासून सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावा भाग पांढरा. मग कागद तिच्याकडे देऊन म्हणाले, "हो गया." मी पदर तोंडाला लावून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी डावीकडे बसले. हे त्या दिवशी दोनदा उजवीकडे वळून म्हणाले, "अगं, कुठे गेलीस?" मी हातभरावर बसलेली.

ह्यांचा रोजचा एकच नियम होता. सकाळी आंघोळ करून टावर चौकाकडच्या वाचनालयात जायचं, तिथे चार म्हातारे मित्र, चार वर्तमानपत्रं, आणि भांडण. डॉक्टरांनी ते बंद केलं. "डावीकडे आपणहून बघायला लागेपर्यंत रस्त्यावर एकट्याने नाही." आणि ते बरोबरच होतं. उज्जैनला आता इतकी गर्दी असते की धडधाकट माणसाला ई-रिक्शा कुठून अंगावर येईल सांगता येत नाही. मी म्हटलं, मी नेते हात धरून. एकदाच गेलो. चौकात दोन जुने विद्यार्थी भेटले, "मास्साब प्रणाम" म्हणाले आणि मग माझ्या हाताकडे बघू लागले. मी हात धरला होता ना ह्यांचा. घरी आल्यावर हे म्हणाले, "आता नको." त्यानंतर वाचनालयाचं नाव काढलं नाही. पहाटे कोणी दिसायच्या आत आमचा चालायचा फेरा व्हायचा. एकदम मागे वळलं की ह्यांना गरगरायचं, म्हणून एका गल्लीने जायचं आणि दुसऱ्या गल्लीने परत यायचं, रोज तसंच. बाकी दिवसभर खुर्ची. वर्तमानपत्र दिलं तर ओळ अर्ध्यातून वाचायला लागत आणि चिडून टाकून देत, "काय लिहितात हे लोक, अर्थ नाही काही." मित्र भेटायला आले तर झोपल्याचं सोंग घेत. बोलणं कमी कमी होत गेलं. मला भीती ताटाची नव्हती. हा माणूस खुर्चीतच संपेल ह्याची होती. वाचनालयात एकट्याने जाता आलं नसतं तर तेच झालं असतं.

गेम आमच्या घरात इंदूरच्या मुलीने आणला. व्यायामाच्या मुलीने तिला सुचवलं होतं की टॅबवर असे काही गेम असतात ज्यात सगळ्या पडद्याभर नजर फिरवावी लागते, करून बघायला हरकत नाही. मुलगी रविवारी टॅब घेऊन आली.

ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गेम? मी?"

मुलगी म्हणाली, "बाबा, आठवतं, मी सातवीत असताना त्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून तुम्ही मला कान धरून घरी आणलं होतं? सगळा फ्रीगंज बघत होता."

"बरोबर केलं होतं. डोकं सडतं त्याने."

"हो ना. आता माझी वेळ आहे. खेळला नाहीत तर मी तुमचा कान धरेन."

मी हसले. हे नाही हसले. टॅब टेबलावर तसाच राहिला. व्यायामाची मुलगी आली तरी हातात घेईनात. लाज होती, ते मला कळत होतं. शाळेत असताना मुलांकडून काढून घेतलेले छोटे बटणांचे गेम ह्यांच्या टेबलाच्या खणात वर्षअखेरपर्यंत पडून असत.

मग मला एक सुचलं. ह्यांना कोणी चुकताना दिसलं की राहवत नाही. म्हणून मीच टॅब घेतला आणि ह्यांच्या डाव्या बाजूला बसून खेळायला लागले. सोंग करायची गरज नव्हती, मला खरंच काही येत नव्हतं.

गेम साधा होता. चौकटींचा एक पट, आपल्या शतरंजसारखा, पण रिकामा. खाली एका वेळी तीन ठोकळे येतात, कोणी लांब, कोणी काटकोनात वळलेला, कोणी मोठा चौकोन. बोटाने उचलून पटावर बसवायचे. एखादी आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि जागा मोकळी होते. ठोकळा बसायला जागाच उरली नाही की खेळ संपला. पहिल्या दिवशी मी किती वेळा मेले त्याची गणती नाही. मिळेल तो ठोकळा दिसेल तिथे ठेवायचे. अंगाला घाम येत होता. चौथीत फळ्यापाशी उभं केलं की यायचा तसा.

दोन दिवस हे खुर्चीतून ऐकत होते. खेळ संपला की टॅब एक उदास आवाज करतो. तिसऱ्या दिवशी तो आवाज झाल्यावर वळले. डावीकडे वळले. मला शोधत थोडे थांबले आणि म्हणाले, "इतका वेळ काय करतेस? दे इकडे."

ह्यांचा पहिला खेळ मी विसरणार नाही. भराभर सगळे ठोकळे उजवीकडे रचले. काय सुंदर रचले! एक फट नाही. ओळ मात्र एकही पूर्ण होईना, कारण डावा अर्धा पट रिकामा. मग म्हणाले, "संपली जागा. बिघडलेला आहे हा गेम." पण गेम संपला नव्हता. उदास आवाज झाला नव्हता. तो वाट बघत होता.

मी म्हणाले, "अहो, आवाज झाला नाही अजून."

"मग?"

"म्हणजे जागा आहे."

ह्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. माझ्यावर विश्वास नसेल, पण गेम चुकीचं सांगणार नाही हे गणिताच्या माणसाला पटलं असावं. जागा आहे, मग ती कुठेतरी असलीच पाहिजे. मान हळूहळू डावीकडे गेली. आणि मग "अरे!" म्हणाले. एवढंच. मी वहीत त्या दिवशी 'अरे' असं लिहून ठेवलं आहे.

व्यायामाच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. तिने टॅबच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. प्रत्येक ठोकळ्याआधी सरांनी बोट त्या पट्टीला लावायचं, तिथून नजर उजवीकडे आणायची. हे कुरकुरले, पण करू लागले. मी शेजारून म्हणायचे, "आधी कड." मग मी म्हणायच्या आत बोट जायला लागलं.

दुपारची भांडी झाली की आमचा डाव रंगायचा. एक ह्यांचा, एक माझा. एक दिवस शेजारच्या भाभीजी कढीपत्ता मागायला आल्या आणि ओट्यापर्यंत येऊन थांबल्या. "हाय राम! मास्साब मोबाइल में गेम? हमारे मुन्ने को तो इसी बात पे मुर्गा बनाया था आपने!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे शांतपणे म्हणाले, "इलाज चल रहा है."

"और भाभी का?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"इनका भी."

माझ्यात खरंच काहीतरी चाललं होतं. त्याबद्दलही लिहिते, कारण ते मी कोणाला सांगितलेलं नाही. सुरुवातीला समोर तीन ठोकळे आले की माझं डोकं बंद व्हायचं. पुढे कधीतरी मी पहिला ठोकळा उचलायच्या आधी तिन्ही बघायला लागले. मग कोणता आधी, कोणता नंतर, हे ठरवायला लागले. मग ह्या खेपेला नको असलेली जागासुद्धा राखून ठेवायला लागले. एका दुपारी ह्यांनी माझ्या पटावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एवढी मोठी जागा रिकामी का सोडलीस? हा इथे बसतोय की."

मी म्हणाले, "मोठा चौकोन येतो कधीतरी. तेव्हा तो कुठे जाईल?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्याच्यापायी पुष्कळदा मेले."

दोन ठोकळ्यांनंतर मोठा चौकोन आला आणि मी तो ठेवला. तीन ओळी एकदम गेल्या. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "शाळेत असतीस तर पहिल्या बाकावर बसवली असती." इतकी वर्षं ज्या तोंडातून 'तुला नाही कळायचं' ऐकलं त्या तोंडून हे ऐकलं. मी चहा ठेवायला उठले. चहात साखर घालायला विसरले.

सगळं गोडच झालं असं नाही. माझं दूध दोनदा उतू गेलं. अंगठा दुखायला लागला. डोळे मिटले की ठोकळे दिसत, फरशीच्या चौकटीत मनातल्या मनात बसवत बसायची. एकदा आरती चालू असताना मी समोरच्या भिंतीच्या टाइल मोजत होते. तेव्हा ठरवलं की रोज दोनच डाव, तिसरा नाही. गेमला पोट नसतं, कितीही द्या, आणखी मागतो. पण एक गोष्ट त्याची मला फार आवडली. चुकलं तर तो रागवत नाही. नवीन पट मांडून देतो. मी लहान असताना असा एखादा मास्तर भेटला असता तर किती बरं झालं असतं.

आता जे कठीण होतं ते.

दोन महिन्यांत हे गेममध्ये माझ्यापुढे गेले. डावीकडे पटापट ठोकळे बसवत. लाल पट्टी काढली तरी चालत होतं. आणि ताटात? कोशिंबीर तशीच्या तशी. दाराची चौकट खांद्याला लागतच होती. पहाटेच्या फेऱ्यात मी डावीकडून चालत असले की दहा वेळा अंगावर येत. वहीत एका बाजूला गेमचे आकडे चढत गेलेले आणि दुसऱ्या बाजूला 'चटणी राहिली', 'चटणी राहिली'.

मी व्यायामाच्या मुलीला विचारलं. तिने खोटी आशा दाखवली नाही, ह्याबद्दल मी तिचे उपकार मानते. ती म्हणाली, असं होतं. गेम खेळून माणूस गेममध्ये हुशार होतो हे नक्की. ती हुशारी गेमच्या बाहेर येतेच असं नाही. कोणाची येते, कोणाची थोडी येते, कोणाची नाही. "पक्का कोई नहीं बोल सकता, आंटी."

त्या संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते आणि मनात एकच फिरत होतं. पटावर जे दिसतं ते ताटात का दिसू नये? दोन्हीला कडा आहेत. पटावर ह्यांचं बोट आधी डाव्या कडेला जातं. पट्टी काढली तरी जातं, सवय झाली आहे. ताटापाशी बोट कुठे जातं? सरळ भातात.

आणि मग मला पाणी आठवलं.

आमच्याकडे जेवायला बसल्यावर पुरुष ताटाभोवती पाणी फिरवतात, मग पहिला घास. ह्यांनी ते आजारपणानंतरही सोडलं नव्हतं. मी रोज फरशी पुसत होते आणि रोज पाहत होते, पाण्याचं वळण वरून निघून उजवीकडून खाली येतं आणि तिथेच संपतं. अर्धाच गोल. घड्याळासारखा. रोज पुसलं आणि कधी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं. चटणी डावीकडे, कोशिंबीर डावीकडे, सगळं सासूबाईंच्या पद्धतीने. हे पाणी फिरवायला लागले तेव्हा मी म्हणाले, "अहो, थांबा. आधी कड."

"इथे कुठे आला गेम?"

"डाव्या कडेला बोट लावा आधी. तिथून पाणी सुरू करा आणि पुन्हा तिथेच आणून मिळवा. ओळ पूर्ण झाली पाहिजे."

इतकं लांब वाक्य मी ह्यांना हुकूम केल्यासारखं कधी बोलले नव्हते. माझे कान तापले. पण ह्यांनी बोट काढलं, ताटाच्या काठावरून सरकवत डावीकडे नेलं, चटणीला थोडं लागलं. तिथून पाणी फिरवलं. पहिल्या दिवशी गोल मिळाला नाही, चार बोटं उरली. मी म्हणाले, "आवाज झाला नाही अजून." हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा मोकळे हसले आणि गोल पुरा केला.

त्या दिवशी कोशिंबीर संपली.

व्यायामाच्या मुलीला ती युक्ती इतकी पसंत पडली की तिने बाकी सगळीकडे तीच लावली. दारातून जाताना आधी डाव्या चौकटीला बोट. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला अंगठा, मग ओळ. दाढी करताना आधी डावा कान. रस्त्यावर थांबलं की आधी डावा खांदा, मग बाकीचं. तिने मला सांगितलं, "आंटी, ये तो आपने सोचा, मैंने नहीं." मी तिला लाडू बांधून दिले, दुसरं काय बोलणार. मला वाटतं, गेममधलं शहाणपण आपल्या पायांनी चालत ताटात आलं नाही, कोणीतरी उचलून आणावं लागलं. पण गेम नसता तर उचलून आणायला काही नसतं, आणि कड हा शब्दच आमच्याकडे नसता. आणि हेही खरं की पूर्वीची मी असते तर असं काही सुचलं तरी बोलले नसते.

रोज सारखं नव्हतं. कधी चटणी पुन्हा राहायची. थकले की डावी बाजू हरवते, अजूनही. तरी वहीतल्या ओळी कमी कमी होत गेल्या. मग एक दिवस डॉक्टरांनी ह्यांना दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर उभं केलं, स्वतः मागे राहिले, आणि मला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. हे मधल्या दुभाजकाशी थांबले. मान डावीकडे गेली. कोणी काही म्हटलं नव्हतं. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, "वाचनालयापर्यंत ठीक आहे. मोठे रस्ते नको. थकलात तर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी दारात उभी. आपोआप चप्पल पायात घालत होते.

"तू कुठे?"

"कुठे नाही."

"मग चप्पल काढ."

मी काढली. हे गेले. मी आत आले, कणीक भिजवली, ती इतकी सैल झाली की आणखी पीठ घालावं लागलं. मग पुन्हा दारात. फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. भाभीजी गच्चीवरून म्हणाल्या, "आ जाएंगे भाभी, छोटे बच्चे थोड़ी हैं." मी मान हलवली.

साडेदहाच्या सुमाराला हे रोजच्या दुसऱ्या गल्लीने परत आले. कपाळावर घाम, हातात गुंडाळलेलं मित्राचं वर्तमानपत्र. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "जाताना त्या शाळेची लांब भिंत लागते ना, डाव्या हाताला, तिच्यावर हत्ती कोणी काढले?"

मी म्हणाले, "सिंहस्थासाठी भिंती रंगवताहेत ना. झाले सात-आठ महिने."

"सात-आठ महिने! आपण रोज तिथूनच जात होतो?"

"रोज."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"डावीकडचं सांगायचं नाही, तुम्ही आपणहून बघायचं, असं त्या व्यायामाच्या मुलीने सांगितलं होतं मला."

हे माझ्याकडे वळले. मी डावीकडे उभी होते. मग पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि वर्गात सांगत तसं म्हणाले, "पाच हत्ती आहेत. झूल घातलेले. थांबून मोजले."

मी त्या भिंतीजवळून रोज पहाटे गेले होते. शेवटच्या हत्तिणीच्या पायांमध्ये, सोंडेखाली, एक पिल्लू काढलं आहे, अगदी लहान. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही चटकन दिसत नाही. बोलू की नको असं झालं. आजच्या दिवशी कशाला, असंही वाटलं. पण मग वाटलं, आता हे सांगण्यासारखे झाले आहेत.

"सहा आहेत," मी म्हणाले.

"पाच."

"सहा."

ह्यांनी भुवया वर केल्या. वाद घालायला कोणीतरी मिळालं की वाचनालयात असेच दिसत असतील. म्हणाले, "उद्या मोजून येतो."